सिस्टर रोझिलींची हजेरी

सिस्टर रोझिली कुणालाही नावानं हाक मारत नाहीत. पहिलीच्या वर्गात तुम्ही जिथं बसत होता, त्या जागेचं नाव तुम्हाला जन्मभर पुरतं. पुढं तुम्ही कितीही मोठे व्हा.

एकदा पालमच्या आठवडी बाजारात मी त्यांच्यासोबत होते. समोरून तहसील कचेरीतले एक साहेब येत होते. वयानं माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे, पण झुपकेदार मिशांमुळे चाळिशीचे वाटणारे. मागे पिशवी धरायला शिपाई. सिस्टर बाजाराच्या या टोकावरून ओरडल्या, "ए कपाट! अरे कपाट!"

साहेब जागच्या जागी थांबले. हातातली मेथीची जुडी त्यांनी शिपायाकडे दिली, दोन्ही हात मागं बांधले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, सिस्टर." संध्याकाळचे पाच वाजले होते.

"लय जाड झालास," सिस्टर म्हणाल्या आणि टाचा उंच केल्या. साहेबांनी न सांगता मान खाली घेतली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सिस्टर भेंडीच्या ढिगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झोपत न्हाईस तू. कामून?"

"बदलीचं चाललंय, सिस्टर."

"तोंडानं सांगायच्या आधी डोकं सांगायलंय. डोकं खोटं बोलत न्हाई."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दहा वेळा तरी ऐकायला मिळतं.

मी खिडकी आहे. चौथ्या बाकावरची, सिस्टरांच्या टेबलापासून सगळ्यात लांबची. आमच्या वर्गात टेबलही होती. तिचं खरं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती सिस्टरांच्या टेबलाला खेटून बसायची. इतकी जवळ, की सिस्टर पेन्सिलीला टोक काढायच्या ते सालपट हिच्या वहीवर पडायचं. मला त्या सालपटाचाही हेवा वाटायचा. टेबल आता पुण्याला असते, मोठ्या कंपनीत. दिवाळीला आली की सिस्टरांना भेटायला येते आणि सिस्टर व्हरांड्यातून ओरडतात, "माझी टेबल आली!" वीस वर्षं झाली, ते 'माझी' अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. 'माझी खिडकी' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

आता सिस्टरांची थोडी ओळख करून देते. त्या केरळच्या. आमची शाळा पालमच्या बाहेर, रस्त्याला लागून आहे. ती सुरू करायला चार सिस्टर आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचे पांढरे झगे बघून गावानं ठरवलं की या नर्स आहेत. पहिल्या दिवशी शाळेच्या दाराशी पोरांच्या आधी म्हातारे येऊन बसले. कुणाला खोकला, कुणाचा गुडघा. सिस्टर हातवारे करून सांगत होत्या, आम्ही शिकवायला आलोय. लोक म्हणत होते, शिकवा की, आधी नाडी बघा. महिनाभर हेच. शेवटी पहिलीचा वर्ग घेणाऱ्या सिस्टर क्लारांनी तडजोड केली. मूल वर्गात पाठवा, मी रोज त्याच्या डोक्याला हात लावून ताप आहे का ते सांगेन. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला.

तेव्हापासून आमच्या पहिली 'अ' ची हजेरी तोंडानं होत नाही. बाई दारात उभ्या राहतात, मूल आत येताना डोक्यावर हात ठेवतात. क्लारांनंतर सिस्टर मटिल्डा, मटिल्डांनंतर सिस्टर लुसिना, आणि लुसिनांनंतर आमच्या रोझिली. चार पिढ्या सिस्टरांच्याच. शाळेत बाकी सगळीकडे हळूहळू आमच्यासारखे साधे शिक्षक आले. पहिली 'अ' मात्र कॉन्व्हेंटची राहिली.

रोझिली मराठी शिकल्या त्या राणीसावरगावच्या लक्ष्मीबाईंकडून. या आमच्या शाळेतल्या मावशी, घरी शेळ्या-मेंढ्या. त्यामुळे सिस्टर वर्गात शुद्ध इंग्रजी बोलतात आणि मधल्या सुट्टीत पोरं गोळा करायला मैदानात उभ्या राहून "हुर्रऽऽ, हुर्रऽऽ" करतात. पोरं येतात. मी इंग्रजीत शिकलेली, माझं मराठी पुस्तकातलं. आमची आई म्हणते, "तू बोलायलीस का पेपर वाचायलीस?" तीच आई सिस्टरांशी तासभर बोलत बसते. आमचं किराणा दुकान आहे. सिस्टर साबण घ्यायला येतात आणि साबण विसरून जातात. आईच्या गळ्यातली चांदीची डबी बघून त्यांनी एकदा विचारलं होतं, "हे उघडतं का?" आईनं सांगितलं, आत महादेवाचं लिंग आहे, रोज पूजेला उघडते. मग त्यांच्या क्रुसाला बोट लावून विचारलं, "तुमचं उघडतं का?" दोघी इतक्या हसल्या की गिऱ्हाईक परत गेलं. मी तेव्हा गल्ल्यामागे पुस्तक धरून बसले होते. माझ्याशी बोलताना आई अशी कधी हसली नव्हती. म्हणजे मला सिस्टरांसाठी टेबलाचा हेवा वाटायचा आणि आईसाठी सिस्टरांचा.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर शिकवण्यातून निवृत्त झाल्या. कॉन्व्हेंटमध्ये त्या एकट्याच उरल्या होत्या, पाठोपाठ येणारं कुणी नव्हतं. पहिली 'अ' मला मिळाली. आनंदाच्या भरात मी त्या रात्री जेवलेच नाही. वाटलं, आता टेबल माझं.

जून उजाडला. मी साडेनऊला वर्गात पोचले, तर दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून सिस्टर बसलेल्या.

"आली का खिडकी? जा आत. मी हजेरी घ्यायलेय."

"सिस्टर, हजेरी मी मोबाइलवर घेते. वरती पाठवावी लागते."

"घे की. मोबाइलला ताप कळतो का?"

झालं. रोज दोन हजेऱ्या. पोरं आधी त्यांच्यापुढे रांग लावायची. त्या डोक्यावर हात ठेवायच्या, कुठंतरी कडुलिंबाकडे बघत. "ही उपाशी हाय. लक्ष्मीबाई, बिस्कीट." "ह्याच्या घरी भांडण झालं." "हिच्या उवा काढा." मग ती पोरं माझ्याकडे यायची, आणि मी नाव पुकारल्यावर "प्रेझेंट मिस" म्हणायची. आवाजात काही राम नसायचा. खरी हजेरी लागून गेलेली असायची.

शिवाय सिस्टर खुर्ची घेऊन व्हरांड्यातच बसायच्या. मी फळ्यावर इंग्रजी 'बी' काढला की बाहेरून आवाज यायचा, "पोट मोठं झालं त्याचं." मी एका पोराला गप्प बस म्हटलं की, "मटिल्डा असती तर पेन्सिल देऊन गप्प केला असता." मटिल्डा वारल्या त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. सिस्टर बोलायच्या अशा, की त्या चहा प्यायला गेल्यात. मला त्या मेलेल्या बाईचासुद्धा राग यायचा. जिवंत बाईशी भांडता येतं, मटिल्डांशी काय भांडणार?

आणि वही. पहिली 'अ' ची एक वही आहे, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. लांबुळकी, कापडी बांधणीची, वर खाकी कागद. वर्ग सोडताना प्रत्येक सिस्टर ती पुढच्या सिस्टरच्या हातात देते. तिच्यात मुलांबद्दल लिहिलेलं असतं. मी पहिल्याच आठवड्यात धीर करून मागितली.

"ती सिस्टरांची वही हाय," त्या म्हणाल्या. "तुला तुझा मोबाइल हाय ना?"

मी पुन्हा मागितली नाही. मागायची मला सवय नाही. पण रोज त्या वहीचा विचार करायचे. तिच्यात माझ्याबद्दल काय लिहिलं असेल? टेबलाबद्दल किती पानं असतील?

मग गेल्या ऑगस्टात ती गोष्ट घडली. माझ्या वर्गातली आरोही बाकावर डोकं ठेवून झोपली होती. त्या दिवशी सिस्टरांना डोळे दाखवायला गंगाखेडला जायचं होतं, म्हणून सकाळची हजेरी फक्त माझीच झाली होती. मी दोनदा आरोहीला उठवलं, तिसऱ्यांदा रागावले. बारा वाजता सिस्टर परतल्या. सरळ वर्गात शिरल्या, आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गादेखत मला म्हणाल्या, "हिला तू हजर मांडलीस? ही हजर न्हाई. नुसती अंगानं हाय." आरोहीला सणकून ताप होता. सिस्टरांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. तिनं त्यांच्या मानेला मिठी मारली. अडीच महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्यांच्या कानात ती काहीतरी सांगत होती.

चूक माझीच होती. मला ते कळत होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. त्या दुपारी मी मुख्याध्यापक सरांकडे गेले आणि म्हणाले की दोन हजेऱ्यांमुळे माहिती पाठवायला रोज उशीर होतो. एवढंच. इंग्रजीत म्हणाले, म्हणजे ते कामाचं वाटावं.

सर भले माणूस. त्यांनी सिस्टरांना काय सांगितलं माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी दारात खुर्ची नव्हती. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वर्ग उघडून वाट बघत बसले. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. एक पोर येईना. बाहेर येऊन बघते, तर मैदानाच्या पार पलीकडे कडुलिंबाखाली सिस्टर उभ्या आणि पोरांची रांग तिथं. दारातली हजेरी दहा मिनिटं खायची, ही वीस मिनिटं खात होती. लक्ष्मीबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, कळप वाट बदलंल, पण धनी न्हाई बदलत."

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी कडुलिंबाखाली कुणी नव्हतं. सिस्टरांना पत्र आलं होतं. त्यांच्या संघाच्या मोठ्या मदरचं. कॉन्व्हेंट बंद होणार, शाळा दुसरी संस्था चालवेल, सिस्टरांनी केरळात म्हाताऱ्या सिस्टरांसाठीच्या घरी जावं.

पत्राचा आणि माझ्या तक्रारीचा काही संबंध नव्हता. पत्र आधीच निघालेलं होतं, सरांनी मला तारीख दाखवली. तरी मला रात्री जेवण गेलं नाही. मला सिस्टर त्या दारातून उठायला हव्या होत्या. पालममधून उठायला हव्या होत्या असं मी कधी म्हटलं नव्हतं. की मनात म्हटलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कॉन्व्हेंटमध्ये सामान बांधत होत्या. वर्गाच्या दारात मी एकटीच पडले. काय करावं सुचेना, म्हणून मूल आलं की डोक्यावर हात ठेवू लागले. तेल लावलेली, न लावलेली, एक ओलं. चाळीस डोकी झाली. मला काही कळलं नाही. शाळा सुटल्यावर मी सिस्टरांकडे गेले आणि तेच सांगितलं.

"मला सगळी सारखीच लागली."

त्या ट्रंकेपुढे बसल्या होत्या. एवढ्या वर्षांचं सामान एका ट्रंकेत, आणि ट्रंक अर्धी रिकामी. "लागत्यात," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्षभर सारखीच लागत्यात. मला तर दोन वर्षं लागली व्हती. लुसिनाला सांगितलं न्हाई मी. अंदाजानं काहीबी बोलायची."

मग त्यांनी ट्रंकेत हात घालून वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी ती त्यांच्यासमोरच उघडली. आतलं सगळं इंग्रजीत होतं. क्लारांचं अक्षर तिरकं, मटिल्डांचं गोल. प्रत्येक मुलापुढे त्याची बसायची जागा आणि एखादी ओळ. मी पानं उलटत रोझिलींपर्यंत आले. पहिलं वर्ष. 'कपाटापाशी: मागून कोणी आलं की दचकतो. पाठीला काहीतरी टेकलेलं असू द्यावं.' मिशांचे साहेब मला आठवले. दुसरं वर्ष. 'दाराजवळ: सारखं बाहेर जावं लागतं. सगळ्यांसमोर विचारायला लावू नये.' हा आमच्या पालम-परभणी गाडीचा कंडक्टर. सिस्टर भर गाडीत त्याला 'ए दार' म्हणतात, त्याचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नसावं.

तिसरं वर्ष माझं. मी पान उलटलं.

कोरं होतं. पुढचंही. पुढची सगळी.

मला इतकं वाईट वाटलं की मी, जी कधी काही विचारत नाही, ती म्हणाले, "माझ्यापासूनच का थांबवलंत, सिस्टर?"

"त्या वर्षी मोठ्या मदर आल्या व्हत्या. म्हणाल्या, केरळातल्या पोरी आता येईनात कॉन्व्हेंटात. रोझिली, तुझ्यानंतर पहिलीला सिस्टर न्हाई." त्यांनी एक चादर घडी करून पुन्हा उघडली. "वही पुढच्या सिस्टरसाठी असती. पुढं कोणीच न्हाई तर लिहू कोणासाठी?"

"मी होते की."

"तू तवा सहा वर्षांची व्हतीस," त्या म्हणाल्या. "नाक पुसता येत नव्हतं तुला."

आम्ही दोघी हसलो. त्यांच्यासोबत हसण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"लिहिलं न्हाई, पण विसरू तर नये," त्या पुढं म्हणाल्या. "म्हणून जागेनंच हाक मारते सगळ्यांना. नाव घेतलं की नुसतं नाव आठवतं. जागा म्हटलं की पोर आठवतं."

"टेबल?"

"तिला फळा दिसत नव्हता. चष्मा लागला व्हता. पोरीच्या जातीला चष्मा नको म्हणून बाप आणीना. मंग मी वहीत काढून द्यायची सगळं. टेबलाजवळ न्हाई बसवणार तर कुठं?"

मी वीस वर्षं ज्या सालपटाचा हेवा केला, ते असं होतं. मग मी उरलेलं विचारलं.

"आणि खिडकी?"

"तुला ठाऊक न्हाई?" सिस्टरांना खरोखर नवल वाटलं. "तुझी आई गेटाबाहेर उभी ऱ्हायची ना. त्या बंद रसवंतीच्या पत्र्याखाली. घरी सांगायची महादेवाला जाते म्हणून. अकरा वाजेपर्यंत उभी. तू रडायची न्हाईस, बोलायची न्हाईस, पण डोकं नुसतं तापलेलं. ताप न्हाई, भीती. मंग मी बाकं फिरवून बघितली. चौथ्या बाकावरून तेवढी आई दिसायची. तुला तिथं बसवलं आणि चार दिवसांत डोकं थंड."

मला खिडकी आठवत होती. खिडकीतून काय दिसायचं ते आठवत नव्हतं.

"मग आई यायची कधी बंद झाली?"

"दसऱ्यानंतर तूच बघायची बंद झालीस. ती येतच ऱ्हायली. मंग मी जाऊ लागले तिच्याकडं, दोन मिनिटं बोलायला. एकटी उभी असायची बाई." सिस्टरांनी चादर ट्रंकेत ठेवली. "मी अठरा वर्षांची निघाले घरून. आई स्टेशनवर आली न्हाई. रागावली व्हती. मी गाडीत खिडकीतच बसले व्हते, येईल म्हणून."

त्यांनी ट्रंकेला कुलूप लावून किल्ली झग्याच्या खिशात टाकली.

घरी जाऊन मी आईला विचारलं नाही. रात्री तिनं जेवायला वाढलं तेव्हा फक्त एक पोळी जास्त घेतली.

सिस्टर गेल्या त्या दिवशी पालम-परभणी गाडी शाळेपुढं थांबली. तिथं थांबा नाही. पण कंडक्टर दार होता. त्यानं स्वतः उतरून ट्रंक वर घेतली. कपाटसाहेब मोटारसायकलवरून आले होते, हात मागं बांधून उभे होते. सिस्टरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, दाराच्या ठेवला, आरोहीच्या ठेवला. लक्ष्मीबाईंच्या ठेवायला गेल्या, तर त्यांनी उलट सिस्टरांच्याच डोक्यावर ठेवला. मग सिस्टर गाडीत चढल्या आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर आतल्या बाजूला बसल्या. खिडकीत कुणी शेतकरी पिशवी घेऊन बसला होता.

मी गाडीत चढले. "दादा, जरा सरकता का? यांना खिडकीत बसू द्या." आख्ख्या गाडीनं वळून बघितलं इतका माझा आवाज मोठा आला होता. तो मुकाट्यानं सरकला. सिस्टर खिडकीत बसल्या. माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं तापलेलं होतं. अंदाजानं नाही सांगत.

खाली उतरून मी गेटाकडे निघाले. रसवंतीच्या गंजलेल्या पत्र्याखाली आई आधीच येऊन उभी होती. दुकान कुणावर सोपवून आली, कुणास ठाऊक. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिथून चौथ्या बाकाची खिडकी दिसत होती, आणि गाडीचीही.

दारानं घंटी मारायला बराच वेळ लावला. गाडी हलली तेव्हा सिस्टरांनी डोकं बाहेर काढलं. "ए माझे खिडकी!" त्या ओरडल्या. "वर्गात जा. पोरं एकटी हायेत!"

मी गेले नाही. गाडी वळेपर्यंत आम्ही दोघी त्यांना दिसतील अशा उभ्या राहिलो.